पॅड नंतर घ्या ताई, आधी पायडल काय म्हणतंय ते बघू

अमळनेरच्या एका ताईंचं पत्र आलंय. शाळेत शिकवतात आणि गाडी स्वतः चालवतात. पत्र मोठं आहे, कामाचा भाग तेवढा इथे देतो.

"दादा, माझी २०१४ची डिझेल स्विफ्ट आहे, ९२ हजार किलोमीटर झालेत. मुलगी संभाजीनगरला शिकते म्हणून महिन्यातून एकदा तरी कन्नड घाटातून जाणं-येणं होतं. मागच्या महिन्यात परत येताना गाडीत पाच जण, डिक्की भरलेली, आणि निम्मा घाट उतरल्यावर ब्रेकचं पायडल एकदम मऊ पडलं, दोन-तीन वेळा दाबलं तेव्हा कुठे गाडी आवरली. जळका वास पण येत होता. चाळीसगावला चहा घेतला, अर्ध्या तासात ब्रेक ठीक वाटले. पण तेव्हापासून पायडल पहिल्यापेक्षा खाली जातं आणि जोरात दाबलं तर गाडी जराशी उजवीकडे खेचते. गॅरेजवाले म्हणतात, 'पॅड, डिस्क बदली टाका ताई, बठ्ठं (सगळं) बराबर हुई जाई.' दिरांनी ऑनलाइन साडेपाचशेचे पॅड मागवून ठेवलेत. आणि मी विचारायला गेले की मला नीट सांगतच नाहीत, साहेबांना पाठवा म्हणतात. कोणते पॅड घेऊ?"

राम राम ताई. आधी एक सांगतो, हे वाचून होईपर्यंत आणि काम होईपर्यंत गाडी घाटात नेऊ नका. मुलीकडे जायचं असेल तर एसटीने जा. गावात शाळेपर्यंत हळू न्या, तेही पायडल जिथे आहे तिथेच राहत असेल तर. दाबून धरल्यावर ते हळूहळू खाली उतरत असेल तर गाडी जागची हलवू नका, मिस्त्रीला घरी बोलवा.

आता तुमचा प्रश्न, कोणते पॅड. पॅड म्हणजे पुढच्या चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती, म्हणजे डिस्क, दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या पट्ट्या. पॅडचं सांगतो, सगळं सांगतो, पण तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि मला नाही वाटत की तुमचा पहिला आजार पॅड आहे. धुळ्यात गॅरेजला माझी सत्तावीस वर्षं गेली आणि इतक्या वर्षांत ब्रेक कमी झाले म्हणून आलेल्या गाड्यांना लोक सरळ पॅड टाकून घेतात, दोन महिन्यांनी तीच तक्रार घेऊन परत येतात, कारण दुखणं दुसरीकडेच असतं. माझे उस्ताद अहिराणीत सांगायचे, पाय काय सांगस ते आयक. म्हणजे पायाला जे कळतंय ते ऐक, चाक मग खोल.

तुमच्या पायाला काय कळलं? मऊ पडलं. हा शब्द फार महत्त्वाचा आहे. घाटात ब्रेक जातात ते दोन तऱ्हेने जातात आणि दोन्हींचं औषध वेगळं. एका तऱ्हेत पायडल कडक असतं, जागेवर असतं, तुम्ही दोन्ही पायांनी दाबा, पण गाडी थांबत नाही. तिथे पॅड तापून त्यांची पकड गेलेली असते. दुसऱ्या तऱ्हेत पायडल स्पंजासारखं होतं, खाली जातं, पंप मारला, म्हणजे परत परत दाबलं, की थोडं वर येतं. तिथे पॅडचा दोष नाही, ब्रेक ऑइल उकळलेलं असतं. हो, उकळलेलं, चुलीवर पाणी उकळतं तसं. ऑइल दाबलं जात नाही म्हणून तर पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो, पण वाफ दाबली जाते, मग तुम्ही पाय देता तो वाफ दाबण्यातच खर्च होतो आणि चाकाला काही मिळत नाही. अर्ध्या तासात थंड झालं, वाफेचं परत पातळ झालं, ब्रेक परत आले. तुमचं अगदी हेच झालंय. जळका वास होता म्हणजे पॅडही तापले होतेच, पण पायडल मऊ पडलं ते ऑइलमुळे.

एवढी उष्णता येते कुठून म्हणाल, तर हिशोब करून बघा. माणसं-सामान धरून तुमची गाडी समजा १,४०० किलो, आणि ती ३०० मीटर उंची उतरली. सगळी गाडी ब्रेकवरच उतरवली तर साधारण ४१ लाख ज्यूल एवढी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. म्हणजे जवळजवळ १४ लिटर पाणी ३० डिग्रीवरून उकळीला आणायला जेवढी लागते तेवढी. एक मोठा हंडा उकळायची आच, ती त्या चार चाकांत, आणि त्यातही जास्त पुढच्या दोनमध्ये, कारण उतरताना वजन पुढे येतं. वरून आपल्याकडचा मे महिना, जळगाव-भुसावळला ४५ डिग्री, डिस्क थंड तरी कशी होणार.

आता ऑइल का उकळलं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्याचा स्वभावच आहे. पाइपच्या रबरातून, टाकीच्या झाकणातून दमट हवा जात राहते, पावसाळ्यात जास्तच, आणि दोन-तीन वर्षांत त्यात एवढं पाणी मुरतं की उकळायचा आकडा धाडकन खाली येतो. डॉट ३, डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे दर्जे. नवं डॉट ३ कमीत कमी २०५ डिग्रीला उकळतं, पाणी मुरलेलं १४०ला. डॉट ४ नवं २३०, पाणी मुरलेलं १५५. म्हणून गाड्यांच्या कंपन्या साधारण दोन वर्षांनी किंवा ४० हजार किलोमीटरला ऑइल बदलायला सांगतात. तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात ब्रेक ऑइल कधी बदललं याचा एक शब्द नाही ताई, यावरून मला वाटतं ते कधीच बदललेलं नाही. आपल्याकडे इंजिन ऑइल लोक नेमाने बदलतात आणि ब्रेक ऑइल कमी झालं तर वरून टाकतात, बस.

हे मी पुस्तकातून नाही सांगत. २००९ साली आम्ही नातेवाईक मंडळी मित्राची जीप घेऊन तोरणमाळला गेलो होतो. गोरखनाथांचं दर्शन झालं, यशवंत तलावावर डबे खाल्ले, संध्याकाळी उतरायला लागलो. तोरणमाळ हजार मीटरच्या वर आहे आणि खाली शहादा तापीकाठचा सपाट मुलूख, म्हणजे किती उतरायचं ते बघा. सातपायरी घाटात दोन वळणं झाली आणि पायडल सरळ फरशीला. गाडीत सात माणसं, त्यात माझी भाची चार वर्षांची. दुसरा गिअर, मग पहिला, हँडब्रेक हळूहळू ओढत डोंगराच्या अंगाला गाडी लावली आणि चाकामागे दगड घातले. तासाभराने ब्रेक परत आले जसं काही झालंच नाही. घरी येऊन टाकी उघडली तर ऑइल काळ्या चहासारखं. मित्राकडे तर बिल होतं, एका गॅरेजने महिन्याभरापूर्वीच ब्रेक ऑइल बदलल्याचे पैसे घेतले होते. बदललेलं नव्हतंच. तेव्हापासून मी ब्रेक ऑइलच्या बाबतीत कुणाचं तोंडी ऐकत नाही, माझ्याच गॅरेजमधल्या पोराचंही नाही, सीलबंद डबा गिऱ्हाइकासमोर फोडायचा हा नियम केला.

तर तुम्ही घरी काय बघायचं ते सांगतो, मिस्त्रीकडे जायच्या आधी. यात काही खोलायचं नाही, साडी नेसूनही होईल.

बॉनेट उघडा. ड्रायव्हरच्या बाजूला मागे पांढरट प्लॅस्टिकची छोटी टाकी आहे, तिच्यावर खालची-वरची रेघ आहे. नवं ऑइल पातळ मधासारखं दिसतं, जुनं कडक चहासारखं. खालच्या रेघेजवळ आलं असेल तर दोन अर्थ, एक तर कुठेतरी गळतंय, नाहीतर पॅड झिजलेत, कारण पॅड झिजले की त्यांना दाबणारा पिस्टन बाहेर येतो आणि तिथली जागा ऑइल भरून काढतं. म्हणून नुसतं वरून ऑइल टाकू नका, आधी कारण बघा. आणि त्या टाकीत इंजिन ऑइल, पॉवर स्टिअरिंगचं ऑइल, यातलं थेंबभर पण जाऊ देऊ नका, ब्रेकमधली सगळी रबरं फुगतात आणि मग खर्च हजारात नाही, दहा हजारात जातो.

मग गाडीत बसा, इंजिन बंद, पायडल पाच-सहा वेळा दाबा, कडक होईल. आता तसंच दाबून धरा आणि मनात तीसपर्यंत मोजा. जागेवर राहिलं तर ठीक. हळूहळू खाली सरकलं तर मास्टर सिलेंडरची, म्हणजे पायडलच्या जोराने ऑइल ढकलणाऱ्या पंपाची, रबरं गेलीत किंवा कुठेतरी गळती आहे, चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओल दिसते का बघा. आता पाय तसाच ठेवून इंजिन चालू करा, पायडल किंचित खाली बसलं पाहिजे. बसलं तर बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा डबा, चांगला. दगडासारखंच राहिलं तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाही, डिझेल गाडीत त्यासाठी वेगळा पंप असतो, तो किंवा त्याचा पाइप. तुमचं दुखणं मऊ पायडलचं आहे त्यामुळे बूस्टर बहुतेक चांगलाच निघेल, पण बघून घ्या, फुकट आहे.

आता तुमचं पायडल खाली जातंय त्याचं दुसरं एक कारण असू शकतं आणि ते मिस्त्री लोक फार विसरतात. मागच्या चाकांना ड्रम आहेत, आत शू असतात, म्हणजे ड्रमला आतून दाबणाऱ्या कमानी. शूचं लायनर, म्हणजे घासणारा थर, झिजलं आणि फट जुळवणारा ॲडजस्टर जाम झाला, आपल्या काळ्या मातीच्या चिखलाने तो होतोच, तर शू आणि ड्रममध्ये फट वाढते आणि पायडलचा अर्धा रस्ता ती फट भरण्यातच जातो. ओळखायचं कसं? सपाट जागी गाडी उभी, हँडब्रेक दोन-तीन टिचक्या ओढून ठेवा आणि मग पायडल दाबा. आधीपेक्षा वर लागलं तर मागचे शू ढिले आहेत. हँडब्रेक पूर्वी जितक्या टिचक्यांत लागायचा त्यापेक्षा आता खूप वर येतो का तेही बघा. शू ॲडजस्ट करायला कुठलाही पार्ट लागत नाही, अर्ध्या तासाचं काम आहे. लायनरच झिजलं असेल तर मात्र शू बदला, दोन्ही बाजूचे एकदम.

आणि उजवीकडे खेचते ते. आधी टायरमधली हवा चारही चाकांची तपासा, निम्म्या वेळा तिथेच उत्तर मिळतं. हवा बरोबर असेल तर गाडी ज्या बाजूला खेचते त्या बाजूचा ब्रेक चांगला लागतोय आणि दुसऱ्या बाजूचा कमी, असं धरून चाला. म्हणजे तुमचा डावा पुढचा ब्रेक आळशी झालाय. बहुतेक डाव्या कॅलिपरच्या सरकणाऱ्या पिना सुकल्या असतील. कॅलिपर या पिनांवर सरकतो आणि दोन्ही बाजूंनी डिस्क पकडतो, पिना जाम झाल्या की पिस्टनकडचा आतला पॅड एकटाच घासत राहतो, बाहेरचा नुसता बसून असतो. अशा वेळी नवे पॅड टाका, कितीही महाग टाका, तोही आतला पॅड तसाच खाल्ला जाईल. उलटही होऊ शकतं, उजवा ब्रेक सुटतच नसेल. त्यासाठी पाच-सात किलोमीटर कमीत कमी ब्रेक लावून गाडी चालवा, उतरा आणि दोन्ही पुढच्या चाकांजवळ तळहात न्या, हात लावू नका, नुसता जवळ. एक चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम लागलं तर ते चाक अडकून राहतंय.

आता पॅड. चाकाच्या फटीतून मोबाइलचा टॉर्च मारला तर बाहेरचा पॅड दिसतो. लोखंडी पट्टीवर जो मसाला चिकटवलेला असतो तो नवीन असताना साधारण १० मिलिमीटर असतो, ३ वर आला की बदलायची तयारी करा, २ म्हणजे उशीर झाला. पण आतला पॅड बाहेरून दिसत नाही आणि तुमच्या बाबतीत नेमका तोच पातळ असायची शक्यता आहे, म्हणून चाक काढूनच बघायला लावा. काही पॅडला एक छोटी पत्र्याची जीभ असते, पॅड संपत आला की ती डिस्कला लागून किंचाळते, तो आवाज रेडिओ मोठा करून दाबू नका. आणि खरखर, लोखंडावर लोखंड घासल्यासारखं आलं तर गाडी तिथेच थांबवा.

डिस्क बदलायची का? गॅरेजवाल्यांना एकच विचारा, जाडी मोजली का. डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, व्हर्निअरने मोजायला दोन मिनिटं लागतात. त्या आकड्याच्या वर असेल, नखाला लागतील असे खोल चर नसतील आणि ब्रेक लावताना पायाखाली किंवा स्टिअरिंगमध्ये धडधड येत नसेल तर डिस्क चांगली आहे, पैसे वाचवा. तुमच्या पत्रात धडधडीचा उल्लेख नाही. धडधड असली तर लेथवर मारून घेता येते, पण मारल्यावरही त्या आकड्याच्या वर राहिली पाहिजे. तुमच्या गाडीत एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, असेल तर अचानक जोरात ब्रेक मारल्यावर पायाखाली जो थरथराट येतो तो मात्र दोष नाही, ते त्याचं काम आहे. एप्रिल २०१९ पासून तर नव्या गाड्यांना ते सक्तीचंच झालंय.

पॅड घ्यायची वेळ आली तर, आणि ९२ हजाराला ती आली असेलच, दिरांनी मागवलेले ते पॅड परत करा. स्वस्त आहेत म्हणून नाही म्हणत मी. पत्रात तुम्ही कंपनीचं नावच लिहिलेलं नाही, पाकिटावर नाव नाही असं दिसतं. ज्याच्यावर बनवणाऱ्याचं नाव नाही, बॅच नंबर नाही, बिल नाही, तो पॅड उद्या पट्टीवरून सुटला तर कुणाला धरणार? मी असे पॅड बघितलेत ज्यांचा मसाला नखाने निघाला. माणसाचा जीव त्या मसाल्यावर असतो ताई.

चांगला पॅड म्हणजे गाडीच्या कंपनीचा ओरिजिनल, किंवा ज्या कंपन्या गाडीवाल्यांना ब्रेकचं सामान पुरवतात त्यांचा बाजारातला पॅड. ब्रेक्स इंडिया, राणे, अलाइड निप्पॉन, बॉश ही नावं आपल्याकडच्या पार्टच्या दुकानात मिळतात. अमळनेरला नाही मिळाला तर जळगाव किंवा धुळ्याहून मागवा. दुकानदाराला नुसतं स्विफ्ट सांगू नका, आरसी बुकातलं वर्ष आणि चेसिस नंबर दाखवा, कारण एकाच नावाच्या गाडीला मॉडेल बदललं की कॅलिपर बदलतो आणि पॅड दोन मिलिमीटरने जरी वेगळा असला तरी मिस्त्री ग्राइंडरला लावून बसवायला बघतात, ते करू देऊ नका. जुना पॅड सोबत न्या, नव्याच्या शेजारी ठेवा, पट्टीचा आकार, कान, भोकं सगळं जुळलं पाहिजे.

मसाल्याचे प्रकार विचाराल तर मोजके तीन. एक साधा, ज्यात धातू नाही किंवा नावाला आहे, त्याला दुकानात ऑरगॅनिक म्हणतात, आवाज करत नाही, डिस्क खात नाही, रोजच्या गाडीला छान, पण फार तापला की पकड सोडतो. दुसरा सेमी मेटॅलिक, त्यात लोखंडाचा चुरा-तारा असतात, उष्णता चांगली सहन करतो, घाटाला बरा, पण काळी धूळ फार आणि डिस्क थोडी जास्त झिजवतो, सकाळी थंड असताना कुरकुरतो. तिसरा सिरॅमिक, महाग, धूळ कमी, आवाज कमी. तुम्हाला महिन्यातून एक घाट आणि बाकी अमळनेरमधली शाळा, त्यामुळे ओरिजिनल किंवा त्याच दर्जाचा पॅड पुरेसा आहे, सिरॅमिकवर पैसे घालू नका. आणि रेसिंगचे म्हणून जे विकतात ते तर अजिबात नको, ते तापल्याशिवाय धरतच नाहीत, शाळेच्या दारात पहिल्याच ब्रेकला पोरं समोर आली तर काय करणार.

पॅडच्या कडेला किंवा पट्टीवर एक लांब नंबर छापलेला असतो, त्यात शेवटी बऱ्याचदा दोन इंग्रजी अक्षरं असतात. पहिलं अक्षर पॅड साधारण तापलेला असताना किती धरतो ते सांगतं, दुसरं खूप तापल्यावर. ई म्हणजे घर्षणाचा आकडा ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. तुमच्या गाडीला दोन्ही एफ असलेला पॅड चांगला. दुसरं अक्षर पहिल्याच्या खालचं असेल, म्हणजे एफ-ई, तर तो तापल्यावर सैल पडतो, घाटवाल्याने घेऊ नये. पाकिटावर ॲस्बेस्टॉस नाही असं लिहिलेलं आहे का तेही बघा, ते फुप्फुसाला फार वाईट, तुमच्यापेक्षा जास्त त्या मिस्त्रीच्या पोराला, जो ब्रेकची धूळ हवेच्या पाइपने उडवत बसतो. त्याला सांगा, ओल्या फडक्याने पूस.

गॅरेजमध्ये गेल्यावर साहेबांना पाठवा म्हणाले तर उभ्या राहा आणि हे शब्द वापरा. ब्रेक ऑइल पूर्ण बदलून द्या, चारही चाकांच्या ब्रेकच्या पाइपातली एअर काढून द्या, डबा माझ्यासमोर फोडा. पुढच्या दोन्ही कॅलिपरच्या पिना काढून साफ करा आणि ब्रेकचंच ग्रीस लावा, साधं पिवळं ग्रीस नाही, त्याने रबर फुगतं. मागचे ड्रम उघडा, शू साफ करा, ॲडजस्ट करा. डिस्कची जाडी मोजून आकडा सांगा. पुढचे पॅड बदलायचे असतील तर डावे-उजवे चारही एकदम बदला. एवढं बोललात की समोरच्याला कळतं की ही बाई काय ते जाणते, मग बरोबर बोलतात. आणि नाहीच बोलले तर दुसरं गॅरेज बघा, गाडी तुमची आहे, पैसे तुमचे आहेत.

टाकीच्या झाकणावर डॉट ३ लिहिलेलं असेल तर डॉट ४ टाकलेलं चालतं, घाटाला उलट बरंच. डॉट ५ मात्र नाही, ते सिलिकॉनचं असतं, यात मिसळत नाही. जुनं सगळं निघून चारही चाकांतून स्वच्छ रंगाचं यायला लागेपर्यंत काढत राहायचं, अर्धा ते एक लिटर लागतं. चार माणसांनी ढाब्यावर शेवभाजी खाल्ली तर जेवढं बिल होतं तेवढ्यात ऑइल येतं, म्हणून यात कंजुषी करू देऊ नका. आणि आधी उघडून ठेवलेला अर्धा डबा मिस्त्रीने फळीवरून काढला तर नको म्हणा, त्यात पाणी मुरलेलंच असतं.

नवे पॅड बसले की गाडी जागची हलवण्याआधी पायडल कडक होईपर्यंत पंप करा, नाहीतर पहिला ब्रेक हवेत जातो आणि समोरची भिंत जाते. मग सकाळी लवकर, रिकामा रस्ता बघून, ५० च्या वेगावरून १०-१५ पर्यंत सावकाश ब्रेक लावा, पूर्ण थांबू नका, थोडं अंतर जाऊ द्या, परत तेच, असं आठ-दहा वेळा. नव्या मसाल्याची डिस्कशी बैठक अशी बसते. पहिले २००-३०० किलोमीटर दणदणीत ब्रेक मारायचा प्रसंग आणू नका, म्हणजे नवे पॅड टाकून दुसऱ्याच दिवशी घाट नको.

आणि घाट उतरायची पद्धत, कारण हे सगळं करून पद्धत तीच राहिली तर परत तेच होईल. ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा, दुसरा किंवा तिसरा, गाडी इंजिनच्या जोरावर आवरू द्या. ब्रेकवर पाय ठेवून ठेवून उतरू नका, वेग वाढला की नीट दाबून कमी करा आणि सोडून द्या, त्या सोडलेल्या वेळात डिस्कला वारा लागतो. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकून उतरणारे आपल्याकडे खूप आहेत, ते डिझेलही वाचत नाही, गाडी गिअरमध्ये आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असताना इंजिन डिझेल घेणं जवळजवळ बंदच करतं. इंजिनच बंद करून उतरणं तर आत्महत्या आहे, दोन-तीन ब्रेकनंतर बूस्टरची मदत संपते, स्टिअरिंग जड होतं. आग्रा महामार्गावर पळासनेरच्या उतारावर धूर निघणारे ट्रक उभे असतात ना, ते बघा एकदा. जळका वास आला की तुम्ही पण थांबा, पंधरा-वीस मिनिटं, गाडीला गिअर आणि चाकाला दगड, तापलेल्या चाकावर हँडब्रेक ओढून ठेवू नका आणि डिस्कवर पाणी ओतू नका, वाकडी होते.

देव न करो, पण परत पायडल खाली गेलं तर पटापट पंप करा, गिअर एकेक खाली आणा, हँडब्रेक थोडा-थोडा ओढा, एकदम ओढला तर मागची चाकं घसरतात, हॉर्न आणि चारही इंडिकेटर चालू, आणि गाडी दरीकडे नाही, डोंगराच्या अंगाला न्या. गाडीचा पत्रा जाऊ द्या.

जुने पॅड मिस्त्रीकडे टाकून येऊ नका. डाव्या चाकाचा आतला आणि बाहेरचा शेजारी ठेवून फोटो काढा आणि मला पाठवा. आतला खूपच पातळ निघाला तर पिनांचंच दुखणं होतं. दोन्ही सारखे निघाले आणि तरी गाडी उजवीकडे खेचतच राहिली तर डाव्या चाकाचा रबरी पाइप आतून बुजलाय का ते बघायला लावा, तो बाहेरून धडधाकट दिसतो आणि नुसतं बघून कुणाला कळत नाही.

तुमचे धुळ्याचे दादा.